सिंचननगरची वेबसाइट

आमच्या वसाहतीचं नाव सिंचननगर. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या मंडळींनी बीड बायपासच्या पलीकडं प्लॉट पाडले आणि जन्मभर ज्या कामाचा पगार घेतला त्याचंच नाव वसाहतीला दिलं. गल्ल्यांना नद्यांची नावं दिली. मी पूर्णा गल्लीत राहतो. माझ्या मागं दुधना गल्ली, आणि अगदी टोकाला, जिथं रस्ता संपून बाभळी लागतात, तिथं शिवना गल्ली. एवढ्या नद्या एका जागी असूनही सिंचननगरात पाणी नव्हतं. शहर वाढत वाढत आमच्या फाटकापर्यंत आलं होतं, पण त्याची पाइपलाइन वाटेतच कुठंतरी दमून बसली होती.

ही गोष्ट २०१६ च्या उन्हाळ्याची. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. जायकवाडीत मृतसाठा उरला होता, लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं, आणि आमच्या चारी बाजूंना नव्या इमारती उगवत होत्या. त्यांची नावं हमखास 'लेक व्ह्यू' नाहीतर 'रिव्हर'नं सुरू होणारी. सगळ्यांचे बोअर आटलेले. मदार टँकरवर. टँकर दिवसाआड यायचा आणि एका खेपेत जेमतेम निम्म्या घरांच्या टाक्या भरायच्या. मग पहिला कोण? तर ज्याचा रिकामा ड्रम फाटकाशी पहिला, त्याच्या दारात टँकर पहिला. माणूस घरात झोपला तरी चालेल, ड्रम हजर पाहिजे. नानासाहेबांनी तर आपला ड्रम फाटकाला साखळीनं बांधूनच टाकला होता.

नानासाहेब हे मूळचे इथले शेतकरी. आमचे सगळ्यांचे प्लॉट त्यांच्याच कापसाच्या रानातून पडलेले. घर फाटकाला लागून, आवाज टँकरच्या हॉर्नपेक्षा मोठा. त्यांचं म्हणणं साधं होतं: "रान माझं, फाटक माझ्या दारात, मंग पैली पाळी कुणाची?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. शिवना गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मनकर्णाबाईंना मात्र प्रश्नच विचारता येत नव्हता. एकट्या बाई, गुडघे दुखरे. ड्रम ढकलत फाटकापर्यंत यायच्या तोवर टँकरच्या तोटीतून हवा यायला लागलेली असायची.

आता आमच्या नायकाकडं वळू. लक्ष्मणराव पिंगळीकर. पाटबंधारे कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. अंगानं बारीक, चष्मा जाड, शर्टाच्या खिशात निळं, लाल आणि हिरवं अशी तीन पेनं. घराण्यात पूर्वी उपाध्येपण होतं, मग निजामाच्या काळात कुणीतरी कचेरीत पेशकार म्हणून कागद सांभाळायला लागलं, आणि तेव्हापासून पूजेतली सगळी निष्ठा कागदाकडं वळली. लक्ष्मणराव कागदाला 'कागद' म्हणत नसत, 'नस्ती' म्हणत. दुधाचं बिल ही नस्ती, लग्नपत्रिका ही नस्ती. "माझ्या हातची नस्ती कधी गहाळ झाली नाही," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या बायकोलाही पाठ आहे.

अशा माणसाला निवृत्तीनंतर कुणी काही विचारेनासं झालं. घरात त्यांच्या पत्नी शैलावहिनींचं राज्य, मुलगी मनस्विनी पुण्यात हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत. लक्ष्मणराव सकाळी वर्तमानपत्र वाचून त्याच्या समासात लाल पेनानं शेरे मारायचे आणि मग दिवसभर कुणी शेरा विचारतंय का याची वाट बघायचे.

म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरवरून ड्रमाड्रमी झाली आणि कुणीतरी सहज म्हणालं, "पाळी इंटरनेटवर लावा की, घरबसल्या फोनवर दिसेल," तेव्हा लक्ष्मणराव उभे राहिले आणि म्हणाले, "ते काम मी करतो."

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले. शैलावहिनींनी कपाळाला हात लावला.

"तुम्ही?" नानासाहेब म्हणाले. "तुम्हाला नुसता फोन उचलाया बी दोन हात लागतात, लक्ष्मणराव."

"नस्ती कशावरही असो, नाना, चालवायची पद्धत एकच."

"बरं. मंग ऐका. येत्या रविवारी पुन्ना मीटिंग. तवर तुमची ती साइट समद्यांच्या फोनवर दिसली, तर टँकर तुमच्या हाती. तुम्ही म्हनाल ती पाळी. नाय दिसली, तर मंग मी हाय अन् माझा ड्रम हाय. कबूल?"

"कबूल," लक्ष्मणराव म्हणाले, आणि खिशातलं हिरवं पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं. सही करायला कागदच नव्हता.

मनस्विनीनं पुण्याहून फोनवरच सगळी तजवीज केली. कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरवर सगळ्यात स्वस्तातली जागा घेऊन दिली, पानाचा सांगाडा पाठवला, पासवर्ड दिला. "बाबा, मीच करून टाकते ना, दहा मिनिटांचं काम आहे," असं ती म्हणाली, तेव्हा लक्ष्मणरावांनी तिला खात्यातल्या भाषेत समज दिली: "तू फक्त मार्गदर्शन कर. अंमलबजावणी माझ्याकडं."

मग लक्ष्मणरावांनी पाळीचा क्रम लावला. यात मात्र त्यांना तोड नव्हती. घरात माणसं किती, टाकी केवढी, मागच्या खेपेला पाणी मिळालं की नाही, सगळं बघून क्रम. त्यात पहिलं नाव मनकर्णाबाईंचं. हे पान त्यांनी सर्व्हरवर चढवलं आणि उद्घाटनाला शेजारी म्हणून मला बोलावलं. शैलावहिनींनी अर्धा कप चहा दिला. त्या उन्हाळ्यात अर्धा कप चहा म्हणजे मानाचं पान होतं.

लक्ष्मणरावांनी पत्ता टाइप केला. पडद्यावर मोठ्या अक्षरात आकडा उमटला: ४०४.

"पडला!" लक्ष्मणराव खुर्चीतून उठलेच. "नंबर पडला! बघा, चारशे चार. आवक क्रमांक!"

मी खाली बघितलं. खाली इंग्रजीत 'नॉट फाउंड' असं लिहिलेलं होतं. "हे सापडत नाही असं काहीतरी म्हणतंय."

"म्हणणारच. अर्ज आत गेला की पहिले दोन-तीन दिवस तो कुणालाच सापडत नसतो. पण क्रमांक पडला ना? आता कुणाचा बाप तो गहाळ करू शकत नाही."

मला संगणकातलं काही कळत नाही, आणि लक्ष्मणरावांचा चेहरा इतका उजळला होता की मीही अभिनंदन करून घरी आलो. दुसऱ्या दिवशी तोच आकडा. लक्ष्मणराव शांत. तिसऱ्या दिवशी मनस्विनीचा फोन आला आणि तिनं सांगितलं की हा आवक क्रमांक नव्हे, चूक आहे.

"चूक? कुणाची?"

"बाबा, सर्व्हरला तुमची फाइल सापडत नाहीये. म्हणून चारशे चार."

लक्ष्मणरावांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि तेव्हा आमच्याकडं पळायला तेवढंच पाणी होतं. "माझ्या हातची फाइल? सापडत नाही?"

"कुठं ठेवलीत तुम्ही?"

"कुठं म्हणजे? आत."

"आत कुठं? तिथं पब्लिक नावाचा एक फोल्डर आहे, त्यात ठेवायची होती."

"ती बाहेरची खोली आहे, मनू. पब्लिकची. तिथं सगळ्या जगाची ये-जा. महत्त्वाचा कागद तिथं कोण ठेवतं? मी आतल्या कपाटात ठेवला."

मनस्विनी समजुतीच्या सुरात म्हणाली, "बाबा, लोकांना दिसावा म्हणून कागद असेल तर तो लोकांच्या खोलीतच ठेवावा लागतो." लक्ष्मणरावांना हे पटलं नाही. उभ्या नोकरीत त्यांनी असलं बेजबाबदार वाक्य ऐकलं नव्हतं. पण रविवार जवळ येत होता. त्यांनी जड मनानं फाइल पब्लिकच्या खोलीत नेऊन ठेवली आणि मला हाक मारली.

या वेळी आकडा आला ४०३.

"एकानं पुढं सरकलो," लक्ष्मणराव पुटपुटले.

"अहो, मनू म्हणाली ना, तो रांगेतला नंबर नाही म्हणून?" शैलावहिनी आतून ओरडल्या.

"नसेल. पण चारशे चारचं चारशे तीन झालंय, हे तर नाकारता येत नाही ना?"

खाली 'फॉरबिडन' असं लिहिलं होतं. मनाई. लक्ष्मणरावांनी तो शब्द दोनदा वाचला. "माझी साइट, मी लिहिलेलं पान, पासवर्ड माझा, आणि मलाच मनाई?"

"त्यात काय एवढं?" शैलावहिनी पदराला हात पुसत दारात आल्या. "माझं स्वयंपाकघर, भांडी माझी, आणि तुम्ही मला भांडी विसळायची मनाई केलीत. मी नंबर पाडला का?"

मनस्विनी ऑफिसात कामात होती, तिनं मेसेज पाठवला. लक्ष्मणरावांच्या पानाचं नाव होतं 'पाळी'. सर्व्हरला मात्र दारातून आत आल्यावर पहिलं पान कुठलं दाखवायचं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो बिचारा सगळी खोली उघडी करून दाखवायला तयार नव्हता, म्हणून मनाई. उपाय सोपा: 'डॉट एचटीअ‍ॅक्सेस' नावाची एक छोटी फाइल करायची आणि तिच्यात एकच ओळ लिहायची, की पहिलं पान 'पाळी' हे समजावं.

"म्हणजे परिपत्रक काढायचं," लक्ष्मणराव म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या सहीनं परिपत्रकं काढली होती. हे पहिलंच स्वतःच्या अधिकारातलं. त्यांनी ती ओळ टाइप केली, फाइल जतन केली, चष्मा पुसला आणि पत्ता टाकला.

५००.

लक्ष्मणराव आकड्याकडं बघत राहिले. मग हळूहळू त्यांचा चेहरा लाल झाला. "चारशे तीनवरून थेट पाचशे? मधे सत्त्याण्णव लोक घुसले?"

मी म्हणालो, "रांग नाही ना पण ही?"

"रांग नाही तर आकडे कशाला टाकतात मग? भाजी विकतात का?"

खाली 'अंतर्गत चूक' अशा अर्थाचं काहीतरी होतं. लक्ष्मणराव हा शब्द चांगला ओळखत होते. खात्यात अंतर्गत चूक झाली की ती कुणाची हे शेवटपर्यंत कळत नसे, आणि कळू नये यासाठीच तिला अंतर्गत म्हणत. त्यांनी ठरवलं, ती छोटी फाइल पुन्हा तपासू. तर फाइल गायब! खोलीत 'पाळी' दिसत होतं, पण परिपत्रकाचा पत्ता नाही. बरं, नाही तर नाही, म्हणून त्याच नावाची नवी फाइल करायला गेले, तर सर्व्हर म्हणाला, या नावाची फाइल आधीच आहे.

"शोधली तर नाही, आणि नवी करायला गेलो तर आहे," लक्ष्मणराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, जुनी ओळख होती. "हा सर्व्हर सरकारी दिसतोय."

त्या दिवशी नानासाहेब मुद्दाम चक्कर मारून गेले. पडद्यावरचा पाचशेचा आकडा बघून त्यांना फार समाधान झालं. "लक्ष्मणराव, किती घरं धरली व्हो तुम्ही? आपल्या नगरात तर चाळीसच हाईत. बाकीची कुठल्या गावाची?"

"तो घरांचा आकडा नाही, नाना. ती अंतर्गत चूक आहे."

"अंतर्गत? म्हंजी वहिनींची?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि नानासाहेब लगबगीनं निघाले. जाता जाता फाटकातल्या आपल्या ड्रमावर थाप मारून गेले. ती थाप पूर्णा गल्लीपर्यंत ऐकू आली.

मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा लक्ष्मणराव उघड्या अंगानं, पंख्याखाली, हातात लाल पेन घेऊन बसले होते. त्यांना सर्व्हरच्या चुकांची नोंदवही सापडली होती. सर्व्हर स्वतःच्या तक्रारी लिहून ठेवतो हे कळल्यावर त्यांचा त्याच्याबद्दलचा आदर थोडा वाढला होता. पण तक्रार वाचून ते हादरले होते.

"हे बघा. 'अवैध आदेश' म्हणतोय. आणि पुढं तो आदेश लिहिलाय. वाचा."

मी वाचलं. तिरकी रेघ, एक्स, ई, शून्य. तिरकी रेघ, एक्स, ए, पाच. पुन्हा तेच. मंत्र म्हणावा तर देवाचा वाटत नव्हता.

"ही कुठली भाषा?" मी विचारलं.

"मराठी नाही. इंग्रजी नाही. उर्दू माझे वडील वाचायचे, ती मी ओळखतो, ही तीही नाही." लक्ष्मणरावांनी आवाज खाली आणला. "कुणीतरी आत शिरलंय. परदेशी हात आहे."

"सिंचननगरच्या टँकरमध्ये परदेशाला काय रस?"

"तेच मला कळत नाही. नाहीतर मग नाना."

नानासाहेबांना तिरकी रेघ मारता येत असेल असं मला वाटत नव्हतं, पण त्या घटकेला कशावरही विश्वास बसला असता. शैलावहिनी मोड आलेली मटकी निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मनूला फोन लावा. आता मार्गदर्शन बास, तिला सगळं सांगा." लक्ष्मणरावांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

मनस्विनीनं आधी कुठंतरी एक खूण करायला लावली, आणि गायब झालेली फाइल पुढ्यात हजर झाली. ज्या फाइलचं नाव टिंबानं सुरू होतं ती सर्व्हर मुद्दाम झाकून ठेवतो म्हणे. लक्ष्मणराव म्हणाले, "गोपनीय शाखा."

"आता ती उघडा, बाबा, आणि आत जे आहे ते मला वाचून दाखवा."

लक्ष्मणरावांनी चष्मा सरकवला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "डिरेक्टरी इंडेक्स पाळी डॉट एचटीएमएल."

"आणि?"

"एवढंच."

"दुसरं काहीच नाही?"

"एक अक्षर नाही. तू सांगितलंस तेवढंच."

"मग चूक यायला नको." मनस्विनीचा आवाज गोंधळला. "पुन्हा वाचा. अगदी सुरुवातीपासून."

"डिरेक्टरी इंडेक्स पाळी डॉट एचटीएमएल."

"स्पेलिंग सांगा." स्पेलिंग बरोबर. "शेवटी काही टिंब, काही स्वल्पविराम?" नाही. "सर्व्हर वेडा झालाय का?" मनस्विनी म्हणाली, आणि हे वाक्य संगणकाच्या कंपनीतल्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर लक्ष्मणरावांचे खांदे एकदम खाली आले. आजवर न कळणारे ते एकटे होते, म्हणून आशा होती. आता जाणत्या माणसालाही कळत नव्हतं. मला मनकर्णाबाईंचा ड्रम आठवला.

शैलावहिनी मटकीचं ताट घेऊन उठल्या आणि लक्ष्मणरावांच्या खांद्यावरून पडद्याकडं बघितलं. "अहो, वरचं वाचलं नाहीत तुम्ही."

"वरचं काय?"

"वर श्री लिहिलंय की."

"श्री काय वाचायचं असतं?" लक्ष्मणराव चिडून म्हणाले. "श्री मजकुरात धरतात का?"

फोनमधून श्वास ओढल्याचा आवाज आला. "बाबा. तुम्ही त्या फाइलच्या वर श्री लिहिलंत?"

"मग? कोऱ्या कागदावर एकदम मजकूर लिहायचा? दोन दंड, श्री, दोन दंड. खाली मजकूर. परिपत्रक होतं ते, मनू, दुधाची चिठ्ठी नव्हे."

"दुधाच्या चिठ्ठीवरही लिहितात," शैलावहिनी म्हणाल्या. "गॅसच्या कार्डावर लिहिलंय. फ्रिजच्या हमीपत्रावर लिहिलंय. माझ्या रक्ताच्या तपासणीच्या कागदावर लिहिलं तेव्हा त्या लॅबवाल्या पोरीनं विचारलं, हे कुठल्या डॉक्टरचं नाव म्हणून."

मनस्विनीला हसू आवरत नव्हतं. ते ओसरल्यावर तिनं सांगितलं, आणि पहिल्यांदाच मलाही कळलं. त्या फाइलमधली प्रत्येक ओळ सर्व्हर हुकूम समजतो. पहिल्या ओळीत त्याला दोन दंड दिसले. असला हुकूम त्याला कुणी शिकवला नव्हता, म्हणून तो जागच्या जागी थांबला, पुढची ओळ वाचलीच नाही, आणि पाचशे म्हणून ओरडला. ती परदेशी भाषा म्हणजे त्याला न वाचता आलेले ते दंडच.

लक्ष्मणरावांनी हातातलं लाल पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे परदेशी हात माझाच."

"ती ओळ काढून टाका, बाबा."

"श्री खोडू? स्वतःच्या हातानं?"

इथं प्रकरण अडलं. साइट चालू करायची तर श्री खोडायचं, श्री ठेवायचं तर टँकर नानासाहेबांचा. लक्ष्मणरावांचं बोट बटणावर जाई आणि परत येई. शेवटी मनस्विनीनंच तोड काढली. ओळीच्या आधी जिन्यासारखी दिसणारी ती दोन आडव्या दोन उभ्या रेघांची खूण टाकली, की सर्व्हर ती ओळ वाचत नाही, सोडून पुढं जातो.

"म्हणजे देवाला दिसेल, सर्व्हरला दिसणार नाही?"

"अगदी तसंच."

लक्ष्मणरावांनी खूण टाकली. पत्ता टाकला. पडद्यावर पाळी आली, पहिलं नाव मनकर्णाबाई. शैलावहिनींनी मला चहा दिला. पूर्ण कप.

रविवारी सकाळी मीटिंग सामाईक बोअरच्या उंच टाकीच्या सावलीत भरली. टाकी रिकामी असली तरी सावली पडत होती. झाडून सगळी घरं आली. मनकर्णाबाई पायरीवर गुडघे चोळत बसल्या होत्या. थोड्या वेळात टँकर येणार होता. लक्ष्मणरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी मोठ्यानं पत्ता सांगितला आणि म्हणाले, "उघडा."

सगळ्यांनी एकदम उघडला. दोघा-तिघांना पान दिसलं, मग तेही गेलं, आणि सगळ्या फोनांवर एकच आकडा आला: ५०३.

"आगं आई गं," शैलावहिनी म्हणाल्या.

नानासाहेब उठून उभे राहिले. त्यांनी आपला फोन सगळ्यांना फिरवून दाखवला. "बघा गड्यांनो. हे बी कोरडंच. चला, ठरल्याप्रमानं टँकर माझ्याकडं."

लक्ष्मणराव फोनकडं बघत होते. मला वाटलं, आता हे रांगेचा हिशोब करणार. पण ते आकड्याकडं बघत नव्हते, खालचा मजकूर वाचत होते. सेवा उपलब्ध नाही. त्यांनी मान वर केली आणि समोर बघितलं. सगळी माणसं फोन नाकाशी धरून पुन्हा पुन्हा बोट मारत होती. पान येईना म्हणून बोट मारत होती, आणि बोट मारत होती म्हणून पान येत नव्हतं. सामाईक बोअर चालू होता तेव्हापासून आमच्या नगरात एक सवय आहे. पाणी कधी येईल सांगता येत नाही, म्हणून सगळे आपले नळ उघडेच ठेवतात. मग पाणी आलं तरी सगळीकडं थोडं थोडं वाटलं जातं आणि कुणाचीच बादली भरत नाही.

"बंद करा," लक्ष्मणराव म्हणाले. "सगळ्यांनी फोन बंद करा. स्वस्तातली जागा आहे, एवढ्यांना एकदम पुरत नाही. नळाला जोर राहिला नाही."

कुणीही बंद केला नाही. आपण बंद करायचा आणि शेजाऱ्याला पान दिसायचं, हे सिंचननगरला मंजूर नव्हतं.

तेव्हा लक्ष्मणराव ताठ झाले. मी त्यांना कार्यालयात कधी बघितलं नव्हतं, पण तिथं ते कसे दिसत असतील हे त्या क्षणी कळलं. "ज्याचा फोन आता चालू दिसेल," ते सावकाश म्हणाले, "त्याचं नाव मी पाळीत शेवटी घालेन."

सगळे फोन एकदम खिशात गेले. नानासाहेबांचाही. तो खिशात घातल्यावर आपण काय केलं हे त्यांच्या लक्षात आलं, पण आता काढायची सोय नव्हती.

लक्ष्मणरावांनी थोडा वेळ वाट बघितली आणि मग आपल्या एकट्याच्या फोनवर पान उघडलं. आलं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. "पहिली पाळी, शिवना गल्ली, मनकर्णाबाई. दुसरी पाळी..."

"थांबा थांबा," नानासाहेब म्हणाले. "वाचूनच दाखवायचं व्हतं तर एवढी साइट काहून केली?"

कुणीतरी मागून म्हणालं, "वाचू द्या हो, नाना, साइटवर आलंय ते." आणि दुसरं कुणीतरी म्हणालं, "साइटवर असंल तर मग काय बोलायचं?" ड्रमाशी भांडता येत होतं, नानासाहेबांशीही येत होतं, पण साइटशी कसं भांडायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लक्ष्मणरावांनी शेवटच्या नावापर्यंत वाचलं. नानासाहेब मधे कुठंतरी होते. त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. दोन्ही वेळा जागा तीच निघाली.

"ठरलं तर मंग," ते म्हणाले. "टँकर तुमचा. पन दर खेपेला तुम्हीच वाचायचं. ह्या पोरांच्या फोनाचा मला भरवसा नाय."

एवढ्यात टँकर आला. सवयीनं सगळे धावले आणि फाटकाशी जाऊन थांबले, कारण पुढं काय करायचं ते कुणालाच कळेना. लक्ष्मणराव टँकरच्या पुढं चालायला लागले, पूर्णा गल्ली ओलांडून, दुधना ओलांडून, शिवनाच्या टोकाला. तिथं कधी टँकर गेलाच नव्हता, त्यामुळं तिथल्या वळणावर तो वळत नाही हे कुणाला माहीत नव्हतं. टँकर अलीकडं थांबला. नळी काढली, ती मनकर्णाबाईंच्या टाकीपासून दोन हात कमी पडली. ड्रायव्हर म्हणाला, "चलो, दुसरी पाळी बोलो." लक्ष्मणराव फोन काढून त्यात काही उपाय लिहिलाय का ते बघायला लागले.

"आता त्यात काय बघता?" नानासाहेब खेकसले. "सरका तिकडं." ते पाय आपटत घरी गेले, आपली बागेची नळी घेऊन आले, आणि तोंडानं सगळ्या खात्याचा उद्धार करत ती टँकरच्या नळीला दोरीनं आवळून बांधली. जोडातून पाणी उडालं आणि सगळ्यात जास्त त्यांच्याच शर्टावर उडालं. बाकीचं टाकीत पडायला लागलं.

मनकर्णाबाई टाकीत वाकून बघत होत्या. पाण्याचा आवाज बदलल्यावर त्या सरळ झाल्या. मग लक्ष्मणरावांना म्हणाल्या, "भाऊ, पुढल्या खेपेला माझी पाळी कधी हाय ते मला कसं कळायचं? माझ्याकडं तसला फोन नाय."

लक्ष्मणराव गोंधळले. त्यांनी फोनकडं बघितलं, मग शैलावहिनींकडं, मग माझ्याकडं.

"मी येऊन सांगेन," ते म्हणाले.